खंडेनवमीचा मास्क

न्हाई मुकादम, चहा घ्या, बसा निवांत, पर जोतिबाला न्यायचं नाव काढू नका — त्यो घरात न्हाईच, आटपाडीला भणीकडं गेलाय, कवा येईल काय सांगावं. तुमच्या ठेकेदाराची, लालासाहेबाची, दुसरी खोली ऱ्हायलीय म्हणता — ऱ्हाऊ द्या की! लोकांचा बेदाणा गार ऱ्हावा म्हणून माझ्या पोरानं दम कोंडून घ्यायचा व्हय?

मी अडाणी माणूस, मला त्या कोल्ड स्टोरेजातलं काय कळतंय? पर भाकरी घेऊन यायचो तवा दारातनं बघितलंय. दोन पिंपं, दोन नळ्या, म्होरं पोराच्या हातात बंदूक — दोन्ही औषधं बंदुकीच्या तोंडाशी एक व्हत्यात, भितीला लागली की दुधागत उतू येत्यात आन् त्यो फेस तसाच घट्ट व्हतोय, आतला गारवा धरून ठेवाय. बघायला झ्याक! पर खिडकी न्हाई, पंखा न्हाई, समदी वाफ आतच. आन् पोराच्या तोंडाला काय? ओला पंचा. वर सांजच्याला गुळाचा खडा — छाती साफ व्हती म्हणं! आवं, हळदीच्या वखारीत धुरळ्यावर गूळ खात्यात, मी बी खाल्लाय, पर ही काय हळद हाय?

मास्क व्हता की. न्हाई कोण म्हणतंय? मशिनीसंगंच आलता, लांब नळीचा, भाईरची हवा आत आणणारा. कुठं व्हता त्यो? हापिसात, काचंच्या कपाटात. खंडेनवमीला मशिनीच्या जोडीनं त्याची बी पूजा केली — हळद-कुकू, झेंडूची माळ — नारळ तर तुमीच फोडला, मी परसाद खाल्लाय. महागाची वस्तू म्हणं, फेस लागून खराब व्हईल! म्हंजे मास्क जपायचा आन् माणूस वापरायचा. का, कपाटात त्याला दम लागत व्हता? माझा थोरला भाऊ फौजेत व्हता, मुकादम — तिथं हातात बंदूक देत्यात तर डोसक्याला लोखंडाची टोपी बी देत्यात.

न्हाई, वरडत न्हाई मी. बसा. आता मास्क देतो म्हणता — द्या, नव्या गड्यांना द्या, आत जायच्या आधी द्या. जोतिबाला त्याचा उपेग न्हाई. मिरजंचा डॉक्टर म्हणला, बाबा, ह्याच्या अंगानं त्या औषधाशी वैर धरलंय, आता नुसती वाफ लागली तरी छाती आवळंल, आन् एखाद्या बारीला सुटायची बी न्हाई. आडवं झोपता येत न्हाई हो त्याला, भितीला टेकून बसतोय. आज सकाळी पाठ चोळाय बसलो तर हाताला नुसत्या बरगड्या —

हं? व्हय, आज सकाळी. व्हय, आत हाय त्यो. खोटं बोललो मी, आटपाडी न्हाई आन् काय न्हाई. पर मुकादम, हाक मारू नका, तुमच्या पाया पडतो. तुमची हाक आली की त्यो उठंल — माझं ऐकत न्हाई, म्हाताऱ्या बापाच्या जिवावर बसून खातोय म्हणून लाज वाटती त्याला — परवा यष्टीला निघालाच व्हता, मी उंबऱ्यात आडवा पडलो तवा थांबला. तुमचा आवाज बारीक करा. न्हाई, चहा ऱ्हाऊ द्या आता, उठा तुमी, चला —

जोतिबा, पायातली चप्पल काढ.