जवळ कोणी यायचं नाही!

...आणि वर ती नर्स मलाच दम देते, तुम्हाला सांगतो! "आजोबा, आठवडाभर जवळ कोणी यायचं नाही!" आता मी काय दारात माणसांची रांग लावून ठेवली आहे? ही एवढीशी खोली, एक खाट, एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर माझा सदरा बसलेला! पण नाही, तिचं बोट नाचतच होतं. "वेगळ्या खोलीत झोपायचं." बाई, एकच खोली आहे, ती सगळ्या जगापासून वेगळीच आहे. "ताट-वाटी वेगळी ठेवायची." कुणापासून? आमची ही गेल्यापासून माझ्या ताटाला दुसरं ताट लागलेलं नाही. "मिठ्या मारायच्या नाहीत." म्हटलं, बरं, प्रयत्न करीन.

थांबा, सावकाश सांगतो. मी तसा बोलणारा माणूस नाही, पण सुरू झालो की मग... तर पोटात गाठ निघाली. कॅन्सरची. डॉक्टर तरणा पोरगा, हौशी! "आजोबा, नॅनो! केसाच्या जाडीत हजार मावतील एवढे बारीक कण. सुईतून रक्तात सोडले की फिरत फिरत गाठ शोधणार, तिला चिकटणार, कॅमेऱ्याला खूण देणार आणि तिथल्या तिथे किरण सोडून तिला मारणार. शोधणारा तोच, मारणारा तोच!" म्हटलं, हात्तिच्या, म्हणजे चौकीदार की! जन्मभर गोदामावर तेच केलं मी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. फरक एवढाच, मला कधी चोर सापडला नाही. या कणांना मात्र सापडला! पडद्यावर माझं काळोखं पोट आणि कोपऱ्यात एक उजळ ठिपका. "पोहोचले, पोहोचले!" डॉक्टर असा ओरडला, जसे काही त्याच्या घरचेच पाहुणे सुखरूप पोहोचले.

पण ते किरण थोडे अंगाबाहेरही येतात म्हणे. म्हणून जवळ कोणी यायचं नाही. लहान मूल नको, आणि पोटुशी बाई तर मुळीच नको!

इथंच तर घोळ झाला. माझी लेक आहे, एकुलती, लांबच्या शहरात नोकरीला, सातवा महिना लागलेला. तिला मी गाठीचं बोललोच नव्हतो. अवघडलेल्या पोरीला कशाला घोर? पण दवाखान्यात म्हणाले, जवळच्या माणसाचा नंबर द्या. दिला. आणि त्या नर्सनं काय करावं? तिलाच फोन! "तुमच्या वडिलांच्या जवळ जाऊ नका."

झालं! "बाबा! गाठ? आणि मला कोण सांगतंय, तर नर्स?"

"अगं, तू अशी..."

"मी निघतेय."

"येऊ नकोस! जवळ कोणी..."

"मला शिकवू नका!" ठेवला फोन.

आता बघा, वर्षभर मी म्हणतोय, ये गं, एकदा येऊन जा. तर "हो बाबा, रजा मिळाली की." आणि येऊ नकोस म्हटल्याबरोबर गाडीत बसली!

दार वाजलं. मला ठाऊक, तीच. उठलो, कडीवर हात गेला... आणि तोंडातून काय निघावं? "कोण आहे? मागे व्हा!" चौकीदाराचा आवाज हो, पोरीवर! बाहेर पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. मग म्हणाली, "बाबा, मी आहे." म्हटलं, म्हणूनच.

समोरच्या शिंप्यानं तिला स्टूल दिलं. इतकी वर्षं समोर राहतो, कधी मान वर केली नव्हती, त्यानं! तर ती गल्लीच्या त्या बाजूला, मी खिडकीत, दोघांच्या कानाला फोन. "बाबा, सदरा उलटा घातलाय." असू दे. "जेवताय ना?" जेवतो गं. "बाळ लाथ मारतंय, बघा." म्हटलं, इथून दिसत नाही. तर उठली, आडवी वळून उभी राहिली भर रस्त्यात, पोटावर हात ठेवून... मी हात हलवला. पोटाला. लोक बघत होते. बघेनात का!

संध्याकाळी गेली. तिच्या डॉक्टरनं दुसऱ्या दिवसापासून तिला प्रवास बंद केला होता. पाठमोरी चालताना अगदी आईसारखी, एक हात कमरेवर.

मग आठवडाभर काय थाट सांगू! लेकीचा फोन सकाळ-संध्याकाळ. नर्सचा रोज, "जवळ कोणी आलं नाही ना?" शिंपी समोरून ओरडतोय, "आजोबा, आज किरण कसे आहेत?"

आठवडा संपला. डॉक्टरनं पुन्हा पडद्यावर दाखवलं, ठिपका बारीक झालेला. "आजोबा, मोकळे झालात! आता खुशाल भेटा कोणालाही." मी हळूच विचारलं, "पुन्हा सुई लागेल का?" म्हणाला, "असंच उतरत गेलं तर गरजच नाही!"

नर्सचे फोन थांबले. शिंप्याची मान पुन्हा मशीनवर. लेक म्हणाली, "बरं वाटलं बाबा, आता काळजी मिटली," आणि तिचा फोन आता रविवारचा रविवारी.

मी रोज देवापुढे हात जोडून उभा राहतो. गाठ जाऊ दे म्हणावं, तर... राहू दे म्हणावं, तर... तुम्हाला सांगतो, माझ्यासाठी नेमकं काय मागावं तेच कळत नाही. मग पोरीची तेवढी सुखरूप सुटका कर म्हणतो, आणि खिडकीत येऊन बसतो.