टेडीच्या पोटावरचं ठिगळ

तुम्ही माझ्या थोरल्या जावेला, अक्काला, हसता. पण परवा तिनंच माझी अब्रू राखली.

मी भालकीत टेडी शिवते, तुम्हाला ठाऊकच आहे. बसवकल्याणच्या एका बाईंच्या पोरीचा टेडी उमरग्याच्या बसमध्ये राहिला. पोरगी जेवंना, झोपंना. बाई फोटो घेऊन आल्या, "हुबेहूब असाच जुना करून द्या."

मी कापड चहाच्या पाण्यात बुडवलं, विटेनं घासून लव घालवली. पोरगी मानेला धरून फिरवायची, म्हणून मानेतला कापूस काढला. फोटोत पोट उसवलेलं होतं, तेही तसंच उसवलं. आठ दिवस खपले.

बाई पोरीला घेऊन दारात आल्या आणि बघते तर टेडीच्या पोटावर इरकलीचं लालभडक ठिगळ!

"अक्का, हे कामून केलाव?"

"मग? फाटकं देतीस व्हय गिऱ्हाइकाला? आपल्या घरातनं फाटकी वस्तू जात न्हाई."

मी कपाळाला हात लावला. तोवर पोरीनं टेडी उचलला, मानेलाच धरून. कान तोंडात घातला. मग ठिगळावरनं बोट फिरवलं आणि आईवर उसळली, "हा दवाखान्यात गेलता! मग हरवला म्हणून कामून सांगितलीस?"

बाईंच्या डोळ्याला पदर. अक्का मात्र डॉक्टरीणबाईच्या थाटात पुढं झाली.

"चार दिवस पाणी लावू नको. टाके कच्चे हायत."