मिठाची वाटी

बंगळूरमध्ये बसवनगुडीच्या बसमध्ये मराठी ऐकू आलं, तसे सुखदानं कानातले इअरफोन काढले. पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"एस्तेरअक्का, पिशवीत रिकामी वाटी कशाला?"

"उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन ना! प्रिस्काकडे मीठ मागायला चाललेय."

"अय्यो, ती जुनी रीत अजून पाळता?"

"आमच्या लहानपणी आदल्या दिवशी सगळी मंडळी वाट्या घेऊन फिरायची. ज्याच्याशी अबोला, त्याच्याच दारात जायचं. माफीबिफी काही नाही, नुसतं मीठ मागायचं. त्यानं दिलं की भांडण मिटलं. आमची आई तर पाच-पाच दारं फिरायची, एवढी भांडकुदळ!"

"आणि तुमचं कशावरनं बिनसलं?"

"नाताळच्या गाण्यांना मी तिला मागच्या रांगेत उभं केलं. अकरा वर्षं झाली."

"अकरा! तिनं दारच उघडलं नाही तर?"

"तीच भीती होती गं. म्हणून काल तिच्या गल्लीतल्या दुकानदाराकडे चौकशी केली."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बऱ्या आहेत. दर महिन्याला मिठाचा पुडा तेवढा न चुकता नेतात."

"मिठाचा? पण डॉक्टरांनी तिचं मीठ कधीच बंद केलंय!"

"हो ना. स्टॉप आला का, बघ गं जरा."