तीन तासांचा नियम

दवाखान्यात नातवाचा नंबर यायला अवकाश होता, म्हणून मी पेपर तोंडासमोर धरून शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं ऐकत बसलो.

“आई, बाळ रडतंय. घेऊ का पाजायला?”

“अजून चाळीस मिनिटं आहेत. तीन तास झाल्याशिवाय नाही. दूध साठायला नको?”

“साठतच नाहीये हो.”

“मेथी खात नाहीस, मग कसं साठेल? सिस्टर, तुम्हीच सांगा हिला.”

“आजी, ती काय पाण्याची टाकी आहे? बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं. मागेल तेव्हा पाजू द्या.”

“हे नवीन कधी निघालं?”

“नवीन कुठलं? पहिल्यापासून असंच आहे.”

“मला नाही कुणी सांगितलं. कारखान्यात भोंग्यावर जगले, ह्याच्या बापालाही भोंग्यावरच पाजलं. विसाव्या दिवशी दूध आटलं. जन्मभर सांगत आले, मला अंगावर दूधच नव्हतं.”

“जाऊ द्या, आई.”

“रडून रडून झोपायचा गं तो. आणि मी म्हणायचे, किती शहाणं बाळ माझं!”

“आई, ती चाळीस मिनिटं...”

“चुलीत गेली. घे त्याला. आणि अहो आजोबा, तो पेपर जरा आणखी वर धरा.”