फोनमध्ये अडकलेली चिऊ

दुपारी सव्वाचारला हे सगळं सुरू झालं. माझ्या दीड वर्षाच्या चिऊच्या पाठीवर लाल पुरळ दिसलं, म्हणून घाबरून मी चिपळूणला आईला व्हिडिओ कॉल लावला. चिऊ नेमकी शिंकायला गेली आणि चित्र अडकलं. डोळे मिटलेले, तोंड उघडं!

"अगं, पोर हलत का नाही?" आई ओरडली आणि कॉल तुटला. मी परत लावतेय, तर तिचा फोन सारखा बिझी.

तेवढ्यात शेजारच्या मेरी आंटी अनवाणीच धावत आल्या. "बाय, चिऊ कशी आहे? तुझ्या आईचा फोन होता, ती एसटी पकडायला निघाली गं!"

चिऊ मजेत बिस्कीट खात होती. आंटींनी तिची पाठ बघितली. "घामोळं आहे हे, वेडे!"

मग मी रागाने कंपनीला फोन केला. "अनलिमिटेड नेटचा प्लॅन घेतलाय ना मी? मग व्हिडिओ अडकतो कसा?"

"मॅडम, नेट चालूच आहे. दिवसाचा डेटा संपला की फक्त स्पीड कमी होतो."

सकाळी कार्टून लावून चिऊला भरवलं होतं, त्यातच गेला असणार.

"ताई, हे माझ्या आईला सांगा. ती एसटीत बसलीय."

आई आली ती अजून इथेच आहे, आणि मलाही बरंच वाटतंय. तरी तुमच्या घरच्यांना सांगून ठेवा, चित्र अडकलं तर घराबाहेर पडण्याआधी एक साधा फोन करा.