खंडेनवमीची बंदूक

...नाही, तुम्हीच सांगा, सप्टेंबरात एका बाईच्या डोळ्यांत डोळे घालून आपण म्हणालो, "आमच्याकडे बंदूक नाही", आणि ऑक्टोबरात आपल्याच बेडरूमच्या कपाटात बंदूक येऊन बसली, तर ते खोटं बोलणं झालं का? मागाहून झालेलं खोटं? तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता! शेजारी निमिष, म्हणजे आमचे हे, घोरतायत खुशाल, आणि मी आपली छताकडे बघत मेगनला काय सांगायचं याची वाक्यं जुळवतेय, तीही इंग्रजीत! तुम्हाला सांगते, मी भित्री नाही हां... मी फक्त आधीच विचार करून ठेवते.

मेगन म्हणजे हेझलची आई, आणि हेझल म्हणजे आमच्या स्वानंदीची मैत्रीण. मैत्रिणींपैकी एक नव्हे, एकुलती एक! टेक्ससात अर्विंगला येऊन वर्ष झालं, पोरगी दुसरीत गेली, डबा एकटी खायची हो. रोज विचारायचे, "आज कुणाशी बोललीस?" तर म्हणायची, "विथ माय सँडविच." तुमचं काळीज हललं असतं की नाही? मग एकदाची ही हेझल मिळाली. मेगनने खेळायला बोलावलं, तर मी काय करावं? आनंदाने पाठवावं? छे! फोन करून चौकशी. दाण्यांची ऍलर्जी? कुत्रा चावतो का? मागे तलाव आहे का? आणि शेवटी घसा खाकरून, घरात बंदूक आहे का? मेगन शांतपणे म्हणाली, "नो. डू यू?" आणि मी हसले हो! मोठ्यांदा हसले! म्हटलं, आम्ही मराठी माणसं, आमच्या घरातलं सगळ्यात भयंकर हत्यार म्हणजे विळी! मग तिला विळी समजावून सांगितली, की जमिनीवर पातं उभं ठेवायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि अंगाकडे ओढत खोबरं खवायचं... मेगनने विचारलं, "टुवर्ड्स यू?"

तर हे सप्टेंबरात. आणि मग आलं आमचं ग्रीन कार्ड. अकरा वर्षं वाट बघितली! लोक ग्रीन कार्ड आल्यावर काय करतात? घर घेतात, सत्यनारायण घालतात, गेला बाजार हवाईला जातात. निमिष म्हणाला, "व्हिसावर जमत नव्हतं, आता मला लिव्हर ऍक्शन शॉटगन घेता येईल." मी म्हटलं, काय येईल? कळ दाबताना संगणकसुद्धा दुखावेल की काय असं वाटणारा माणूस हा!

हे सगळं जगन्नाथकाकांचं. काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात, मूळचे नागपूरचे, पस्तीस वर्षं टेक्ससात, पायात बूट गुडघ्यापर्यंत आणि जिभेवर अजून सीताबर्डी. दर शनिवारी बंदुकीने मातीच्या बशा फोडायला जातात. हो, बशा! एक यंत्र नारिंगी बशी आकाशात फेकतं आणि आपण ती फोडायची. आमच्याकडे बशी फुटली की आई आठवडाभर बोलायची, इथे माणसं त्यासाठी तास तास गाडी हाकत जातात. निमिष डावखुरा, जन्मभर कात्रीपासून सगळं उजव्या हातांचं, आणि काकांनी त्याला दाखवलं की या बंदुकीचा दांडा मुठीखाली असतो, तो खाली ढकलायचा, वर ओढायचा, खटॅक-खटॅक, की नवं काडतूस आत. हात कुठलाही चालतो. झालं! याला वाटलं, अमेरिकेने अखेर आपल्यासाठी काहीतरी बनवलं. मी हरकत घेतली तर काका म्हणाले, "कायले घाबरून राहिली गं पोरी? बंदूक का चावते?" काका, चावत नाही हेच तर! कुत्र्याला निदान दात दिसतात!

पण मी भित्री नाही हां. मी अटी घातल्या. आधी तिजोरी, मग बंदूक. तिजोरी बेडरूमच्या कपाटात, भिंतीला बोल्टने ठोकलेली. काडतुसं वेगळ्या पेटीत, पेटी गॅरेजात, किल्ली माझ्याकडे. आणि तिजोरीचा कोड? निमिष सायबर सिक्युरिटीत आहे, बरं का, लोकांना सुरक्षितता शिकवतो... कोड ठेवला होता एक-दोन-तीन-चार-पाच-सहा! मी त्याच दिवशी बदलला. असा ठेवला की कुणाच्या बापाला कळणार नाही. रोज तीनदा तिजोरी उघडून बघायचे, बंदूक रिकामी आहे ना. एकेक आकडा तोंडाने म्हणत बटण दाबायचं, आपण पाढे तसेच शिकलो ना, मोठ्यांदा म्हटल्याशिवाय आकड्यावर विश्वासच बसत नाही.

तर चाललं होतं बरं. तेवढ्यात आली खंडेनवमी.

दरवर्षी आमच्या शस्त्रपूजेला पाटावर शस्त्रं काय, तर लॅपटॉप, स्क्रूड्रायव्हर आणि तीच ती विळी. या वर्षी पुण्याहून व्हिडिओवर सासूबाई, "अगं, लॅपटॉपला फुलं वाहता आणि खरं शस्त्र घरात आलं तर ते कपाटात? काढा ते!" काढलं. निमिषने तपासली, मी तपासली, मग मी तपासली ते बरोबर तपासलं का ते निमिषने तपासलं. पाटावर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "तोंड पूर्वेला करा." पूर्वेला स्वानंदीची खोली! मी म्हटलं, नाही. "अगं, रिकामी आहे ना?" असू दे रिकामी! उत्तरेला शेजारी, दक्षिणेला गॅस, शेवटी पश्चिमेला, परसातल्या कुंपणाकडे केलं तोंड, आणि देवच उचलून फिरवले. शिवाय मी म्हटलं, तो दांडा खाली करून ठेव, आतलं पोट उघडं राहू दे, रिकामं आहे ते सगळ्यांना दिसू दे. दिसलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, "अक्षता वाहा" म्हणाल्या, वाहिल्या, चांगल्या मूठभर. स्वानंदी टाळ्या वाजवतेय. तिला म्हटलं, "बघायचं, हात लावायचा नाही." तर म्हणते, "आय नो, आई. यू टोल्ड मी फोर्टी टाइम्स." चाळीस! मोजते कार्टी!

शनिवारी निमिष म्हणाला, एकदा बशांच्या मैदानावर येऊन बघ तरी. स्वानंदीला चित्रकलेच्या क्लासला सोडलं आणि गेले. ठरवूनच गेले, की तिथे काहीतरी भयानक दिसेल आणि ही ब्याद घरातून जाईल. आणि तिथे भेटली पॅम! सत्तरीची बाई, मैदानावरची सुरक्षा बघणारी, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी. पहिलं वाक्य, "बंदूक रिकामी आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवायचा नाही, स्वतः बघायचं." दुसरं, "तोंड कुणाकडेही वळवायचं नाही, रिकामी असली तरी." तिसरं ती बोलायच्या आत मी बोलले! अहो, अकरा वर्षांत या देशात माझ्याहून जास्त काळजी करणारी बाई मला पहिल्यांदा भेटली, आणि तिला त्याचा पगार मिळतो! मी काय फुकट करत होते इतकी वर्षं?

निमिष उभा राहिला, काडतूस भरायला घेतलं, दांडा वर ओढला... खट. अडकला. परत ओढला... खट. काका म्हणाले, "अरे बाप्पा, नवी कोरी वस्तू!" पॅमने शिट्टी फुंकली, सगळे थांबले, आख्खं मैदान गप्प! तिने बंदूक घेतली, टॉर्च लावला, चिमटा घातला आणि बाहेर काढला... तांदळाचा दाणा. मग दुसरा. लाल, कुंकू लावलेला. चिमट्यात धरून माझ्याकडे बघते, "मॅम, इज धिस... राइस?" पोट उघडं ठेवायला कुणी लावलं होतं? मी! अक्षता कुणी वाहिल्या? मी! जमीन दुभंगली तर बरं असं झालं. म्हटलं, कसं सांगू, आम्ही वर्षातून एकदा शस्त्रांची पूजा करतो. पॅम काय म्हणाली माहितीये? "हनी, धिस इज टेक्सस. आम्ही रोज करतो."

मग तिने ती झाडून-पुसून माझ्याच हातात दिली. मी तो दांडा हळूच ओढला, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं दार ओढतो तसा. जागचा हलेना. पॅम म्हणते, त्याला घाबरू नकोस, जोरात! आणि एकदम मला आमच्या सांगोल्याच्या गल्लीतला हापसा आठवला. हापशाला कुणी हळूच हापसतं? खटॅक-खटॅक! नऊ बशा सुखरूप जमिनीवर उतरल्या. दहावीला ओरडले, "पुल!", म्हणजे सोडा बशी, ती नारिंगी टिकली वर गेली, आणि... फुटली हो! आकाशात! भुगा! काका ओरडले, "अरे, पोरीनं फोडली ना भाऊ!" आणि मी... सांगू नये, पण अजून पंधरा काडतुसं मागितली.

म्हणजे बघा, आता तर मी ती विकायलाही सांगू शकत नव्हते! आणि रविवारी हेझल आमच्या घरी यायची होती. मेगनला सांगितलं तर ती पोरीला परत नेणार, आमची पुन्हा सँडविचशी बोलणार. न सांगितलं तर मी कोण? जी प्रत्येक आईला विचारते ती मी! मी भित्री नाही हां... पण बेल वाजेपर्यंत तिजोरी चारदा तपासून झाली होती.

दार उघडलं आणि हॅलोच्या ऐवजी तोंडातून एका श्वासात निघालं, की आम्ही शॉटगन घेतली, सप्टेंबरात नव्हती, देवाशप्पथ नव्हती, आता आहे, तिजोरीत आहे, काडतुसं गॅरेजात आहेत, तुला परत जायचं तर जा, मला राग येणार नाही, पण केक केलाय. मेगन हळूच म्हणाली, "थँक यू. असं आपणहून कुणी सांगत नाही." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "आणि कोड?" तिने विचारलं. "कोड फक्त मला आणि निमिषला," मी छाती फुगवून म्हटलं, "दुसऱ्या कुणालाही ओळखता येणं शक्य नाही." मेगनने मान डोलावली, हेझलचा एक पाय आत आला, आणि मागून आमचं रत्न अभिमानाने,

"इट्स माय बर्थडे! पण इंडियन वे, डेट फर्स्ट. आई सगळे नंबर्स मोठ्याने म्हणते."

तर मेगन परत गेली नाही. हेझलही नाही. मेगन राहिली, चहा घेतला, केकचे दोन तुकडे खाल्ले, पोरींना परसात पिटाळलं, आणि मग म्हणाली, चल, आधी तो कोड बदलू. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, मी ओठ घट्ट मिटले, एक अक्षर पुटपुटले नाही, सहाच्या सहा आकडे मनातल्या मनात, आणि तिजोरी बंद केली. वळून बघते तर दारात स्वानंदी, हातात रिकामी प्लेट. शांतपणे मला म्हणाली,

"आई, आता बाबाचा बर्थडे ठेवलास ना?"