नवसाचा हवालदार

लटारू : त्या मोहाखाली बस जराशी, माय. तुले धाप लागून राह्यली.

गुणाबाई : मले नाई लागली. तूच मघापासून पाय ओढून राह्यला. हवालदार पाह्य, कसा पुढं पुढं चालते! तुह्यापेक्षा बोकड शहाणा.

लटारू : त्याले काय माहीत, कुठी चालला ते? त्याले वाटते आखाड्यात लाठीचा खेळ आहे. माय, तुह्या पाया पडतो. दुसरा बोकड देऊ. कोलूच्या वाड्यातला काळा, याच्या दुप्पट आहे.

गुणाबाई : मी नवसात कोलूचा बोकड बोलली होती काय? देशाच्या पह्यल्या मतदानाच्या साली तू एकवीस दिस हिवतापानं जळत होता. चांद्याच्या डॉक्टरनं हात टेकले. तव्हा हे पिल्लू दारात होतं. त्याचा कान धरून देवीले म्हटलं, माहा लेक उठव, हे तुले. तू उठला. आता कोलूचा बोकड मंधात कुठून आला?

लटारू : तव्हा ते नुसतं पिल्लू होतं. आता तो हवालदार आहे! हे वही पाह्य. पाह्य तर. हा मी, लाठीवीर लटारू, सागाच्या शेंड्यावरून उडून राह्यलो. खाली सात डाकू. आन् हा हवालदार, एका धडकेत तीन डाकू नाल्यात! इथी मी जखमी झालो, तर मले पाठीवर घेऊन पळून राह्यला. बजारच्या दिवशी या चित्रांच्या वहीसाठी लोकं भांडते, माय.

गुणाबाई : पाह्यली म्या सारी वही. एवढ्या मिशा तुले कव्हा आल्या? आन् त्यात माय कुठीच नाई. उडणाऱ्याले भाकर कोण घालते?

लटारू : काहाडतो, तुलेबी काहाडतो. पन शेवटचं पान कोरं आहे. त्यावर काय काहाडू? सुरा?

गुणाबाई : वहीत तू सारी वैनगंगा उडून जाते. मायच्या एका बोलावरून नाई उडता येत?

लटारू : नाई येत. म्हणून तर रडून राह्यलो.

गुणाबाई : डोळे पूस. लोकं पाह्यतीन, म्हणतीन हा का लाठीवीर!

लटारू : तूच त सांगते न, बुवा कीर्तनात म्हंते, देवाले कोणाचा जीव नाई पाह्यजे.

गुणाबाई : अर्धं कीर्तन ऐकते आन् आखाड्यात पळते तू. पुढं बुवा काय गायले? झांजा अशा वाजल्या का सारा मांडव डोलला. देव घेत नाई बाई, देव पाह्यते. देणाऱ्याचा हात उघडते का मूठच राह्यते, ते पाह्यते. मले माही मूठ उघडाची आहे. तू आडवा येऊ नको.

लटारू : ते पिशवी दे, मी धरतो. एवढं जड काय आहे?

गुणाबाई : कोहळा आहे, भाजीले. पिशवी राहू दे. लाठी दे इकडं.

लटारू : लाठी काऊन?

गुणाबाई : मले आंधळी समजते काय? दोन ठोके मारले का हवालदार दगड. शीळ घातली का पुन्हा जिता. वहीतबी तेच, अंगणातबी तेच. देवीपुढं दोन ठोके मारशीन, बोकड अंग झाडणार नाई, आन् पुजारी म्हणन, देवीनं नाई घेतला. हेच होतं न मनात?

लटारू : होय. आठ दिस झाले, दुसरं काईच नाई मनात.

गुणाबाई : जिनं जीव देला, तिलेच फसवाले निघाला! दे लाठी.

लटारू : घे. आता माह्यापाशी काईच नाई राह्यलं.

(पहाडावरचं देवीचं ठाणं. पुजारी इसरू पाण्याचा लोटा घेऊन उभा आहे.)

इसरू : या गुणाबाई. दोन वर्षं लावले, पन बोकड झकास पोसला. रीत माहीत आहे न? पाठीवर पाणी टाकतो. मानेपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, तर देवीनं घेतला. तीन लोट्यांत नाई झाडलं, तर नाई घेतला.

गुणाबाई : टाका, इसरूभाऊ.

लटारू : थांबा भाऊ! एकदा पोटाशी धरतो त्याले. हवालदार, माफ कर रे. वहीत कितीकदा वाचवलं तू मले. मले एकदाबी जमलं नाई.

इसरू : सर बापा मागं. हा पह्यला लोटा. बाई, लाठी काऊन वाजवता?

गुणाबाई : पायरी ओली आहे, भाऊ. तोल गेला.

इसरू : सांभाळून. आँ! कानबी हालवला नाई यानं. हा दुसरा. झऱ्याचं गार पाणी आहे, अन् याले पत्ताच नाई! नाकावर माशी बसली, तेबी उडवत नाई.

लटारू : माय...

गुणाबाई : चूप. देवीपुढं बोलू नाई.

इसरू : हा तिसरा. जय माते! बारा वर्षं झाले लोटे टाकून राह्यलो, पन असा बोकड नाई पाह्यला. देवी नाई घेत, बाई. आता बदल्यात कोहळा कापा लागते. अन् या पहाडावर कोहळा कुठी भेटन?

गुणाबाई : आहे न. माह्या पिशवीत.

इसरू : अरे वा! थांबा, सुरा धुऊन आणतो झऱ्यावरून.

लटारू : माय. लाठी दोनदा वाजली.

गुणाबाई : हात म्हातारा आहे, बापा. सकाळी दिवा लावताना देवीले सांगून ठेवलं होतं, थरथरला तर समजून घेजो. तू मारले असते ते ठोके, तर चोरी होती. म्या तिले इचारून मारले.

लटारू : आन् तिनं नाई म्हटलं असतं, तर?

गुणाबाई : तर पायरी कोरडी राह्यली असती, आन् माहा तोल गेला नसता.

लटारू : शीळ घालू काय? बिचारा केव्हाचा दगड होऊन उभा आहे.

गुणाबाई : घालू नको! ओलाचिंब आहे, आत्ता अंग झाडन तो. आधी कोहळा कापू दे. मग असाच खांद्यावर घे त्याले, नाल्यापर्यंत. वहीत तो तुले पाठीवर घेते न? आज तू घे.

लटारू : आन् नाल्यापल्याड?

गुणाबाई : तिथी घाल शीळ. मले शीळ नाई येत.